हरवलेल्या नवऱ्याचा भाग

दिवाळी तोंडावर आली की शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू पिवळ्या व्हायला लागतात. वरकस जमिनीतलं हळवं भात लवकर पिकतं, त्याची कापणी आधी सुरू होते. खालच्या पाणथळ वावरांतलं गरवं भात तेव्हा अजून दाणा भरत उभं असतं. मी रोज एसटीनं या रस्त्यानं शाळेत जाते. खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत येतो. धड ओला नाही, धड कोरडा नाही. नाकात हुळहुळणारा, अंगाला खाज सुटेल असं वाटायला लावणारा, आणि तरीही छाती भरून घ्यावासा. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर विळ्यांचं गाठोडं असतं. कंडक्टर तिला दटावतो, "मावशी, पाती आत कर, कुणाला तरी लागंल." ती पाती पदरात गुंडाळते.

या वासाबरोबर मला दर वर्षी टोकावड्याच्या अलीकडचं ते गाव आठवतं. मी तिथं अकरा वर्षं शिकवलं. घरं चाळीस-पंचेचाळीस, मागं माळशेजचे डोंगर, समोर भाताची खाचरं, आणि कडेला दोन खोल्यांची आमची शाळा. अकरा कापण्या मी तिथं पाहिल्या, पण आठवते ती एकच. त्या वर्षी गावात टीव्हीवाले आले होते.

त्याआधी यमुनेबद्दल सांगायला हवं.

यमुनेचं घर शाळेला लागून होतं. मधल्या सुट्टीत मी तिच्या ओटीवर बसून डबा खायची. ती उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. घरात ती, नवरा काशिनाथ, सासू चिमाबाई आणि चार वर्षांचा गणू. गणू पटावर नसतानाही रोज माझ्या पहिलीच्या वर्गात येऊन बसायचा आणि हजेरीत त्याचं नाव घेतलं नाही तर रुसायचा. म्हणून मी शेवटी त्याचं नाव घ्यायची. "हजर," तो ओरडायचा.

एका कापणीला, बांधावर खेळताना, गणूला साप चावला. टीव्हीवाले आले त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. सरपंचांची जीप दारात उभी होती. यमुना म्हणत होती, मुरबाडच्या दवाखान्यात नेऊ. चिमाबाई म्हणत होती, आधी भगताकडे. सापाचं विष मंत्रानं उतरवणारा एक भगत पलीकडच्या पाड्यात राहायचा. काशिनाथ एकदा आईकडे बघत होता, एकदा बायकोकडे. त्यानं मुलाला उचललं आणि तो पाड्याच्या वाटेला लागला. गणू तिथंच गेला.

यमुना रडल्याचं कुणी पाहिलं नाही. बाराव्यानंतर ती पुन्हा शेतात दिसली. काशिनाथला वेळेवर भाकरी, चिमाबाईला वेळेवर चहा. कधी आवाज चढला नाही की कधी टोमणा मारला नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, केवढी समजूतदार. मलाही तसंच वाटायचं. मी तिच्या ओटीवर डबा खायला जायची आणि आम्ही दोघी आमटीच्या फोडणीबद्दल बोलायचो.

पुढल्या ज्येष्ठात एका सकाळी काशिनाथ बियाणं आणायला मुरबाडला जातो म्हणून निघाला आणि परत आला नाही.

पहिले दोन दिवस सगळ्यांनी शोधलं. विहिरी पाहिल्या, नदीचा काठ पाहिला. चौथ्या दिवशी यमुना मला म्हणाली, "बाई, तुमी येतां का माझ्यासोबत? मला लिवता येत नाय." आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन हरवल्याची तक्रार दिली. हवालदार भला माणूस होता. उंची विचारली, रंग विचारला, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण. यमुना म्हणाली, उजव्या भुवईत जुन्या जखमेचा व्रण हाय. त्यानं विचारलं, घरात भांडण झालं होतं का? ती म्हणाली, "नाय. कंदीच नाय." ते अगदी खरं होतं.

पाऊस जवळ आला होता. पावसाआधी गोठ्याची जमीन नीट करावी लागते, नाहीतर गुरांच्या पायाखाली चिखल होतो. हे काम दर वर्षी काशिनाथ करायचा. त्या वर्षी यमुनेनं एकटीनं माती आणली, टाकली, धुमसानं चोपली आणि शेणानं सारवली. नवरा जाऊन आठ दिवसही झाले नव्हते.

गावानं ते पाहिलं.

उघड कुणी बोललं नाही. पण पाणवठ्यावर ती आली की बोलणं थांबायचं. "पोर गेला तरी डोळ्यात पानी नाय, नवरा गेला तरी नाय. बाई हाय का दगड?" हे मी स्वतः ऐकलं. ऐकून मी काय केलं? काहीच नाही. मी बाहेरची, बदली होईपर्यंतची, गावाच्या बोलण्यात कशाला पडायचं, असा मी विचार केला.

गणू गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, शाळेला सुट्टी लागल्यावर, ते लोक आले.

टीव्हीवर एक गुन्ह्याच्या तपासाची मालिका चालायची. दर आठवड्याला एक नवी गोष्ट, आणि तीच ती पोलीस मंडळी तिचा छडा लावायची. त्यांना एका भागासाठी खेडं हवं होतं. डोंगर, भात, कौलारू घरं. शाळा त्यांनी सामान ठेवायला मागितली. किल्ली माझ्याकडे, म्हणून भाऊबीज उरकून मी शहापूरहून परत आले. पाहते तर पटांगणात जनरेटरची गाडी घरघरत होती आणि पांढऱ्या कापडाच्या मोठाल्या चौकटी उन्हात उभ्या होत्या. कापणी टाकून अर्धं गाव बघायला जमलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही तुमचं काम चालू ठेवा, आम्हाला तेच हवंय." मग माणसं खाचरांत उतरली आणि कॅमेऱ्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करायला लागली की कुणाचा विळा नीट चालेना.

या भागाचे संवाद लिहिणारा समीर नावाचा एक तरुण त्यांच्याबरोबर होता. अंगानं किडकिडीत, बोलायला गोड, हातात सतत वही. तो माझ्या शाळेत बसून लिहायचा. पहिल्याच दिवशी चहा पिताना त्यानं सांगितलं, "गोष्ट साधी आहे, बाई. गावातला एक नवरा गायब होतो. पण मला गावातल्या बारीकसारीक गोष्टी हव्यात. खऱ्या. तुमच्या पाहण्यात असं कुणी हरवलंय का?"

मी सांगितलं.

हे लिहिताना अजून हात थांबतो. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. तोवरच्या वर्षांत मला इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस तिथं भेटला नव्हता, एवढंच. मी नाव घेतलं नाही, आणि नाव घेतलं नाही म्हणजे सगळं सुरक्षित आहे असं समजून बाकीचं सगळं सांगितलं. गोठ्याच्या जमिनीचं सांगितलं. पाणवठ्यावरचं बोलणं सांगितलं. आणि चपलांचं सांगितलं. काशिनाथच्या जुन्या चपला यमुनेनं धान्याच्या कणगीमागं ठेवल्या होत्या आणि दर शनिवारी ती त्या पुसायची. एकदा मी मीठ मागायला आत गेले तेव्हा मला ते दिसलं होतं. समीर वहीत लिहीत होता आणि मध्येच म्हणाला, "वा."

ते चार दिवस यमुनेचे फार चांगले गेले. त्या भागात बायकोचं काम करणारी नटी शहरातली, विळा कधी हातात धरलेला नाही. दिग्दर्शकानं यमुनेला तिला शिकवायला सांगितलं. यमुना तिच्या मागं उभी राहून तिचे दोन्ही हात धरायची. "मूठ अशी धरा. विळा आपल्याकडं वढा, बाहेर नाय." दुसऱ्या दिवशी नटीचं बोट कापलं. यमुनेनं बांधावरचा दगडी पाला चुरून रस पिळला आणि रक्त थांबवलं. नटी म्हणाली, "तुमचे हात किती गरम आहेत." यमुना हसली. गणू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. एका दृश्यात भारा डोक्यावर घेऊन बांधावरून जाणारी बाई हवी होती, ते काम तिलाच दिलं. तीन वेळा चालायला लावलं. तिसऱ्यांदा दिग्दर्शक "छान" म्हणाला. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाई, मी टीव्हीत दिसनार म्हनं."

ती मंडळी गेली. गोष्टीचा शेवट काय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उरलेलं चित्रीकरण त्यांच्या मुंबईतल्या जागेत होणार होतं. मी समीरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आधी कळलं तर मजा काय?"

पुढचे तीनेक आठवडे कापणी संपेपर्यंत गेले. भारे खळ्यावर आले. झोडणी सुरू झाली. भाताचा भारा लाकडी फळीवर आपटला की आधी धप् असा आवाज येतो आणि मग दाणे सांडल्याची सळसळ. एका खळ्यावर थांबला की दुसऱ्या खळ्यावर सुरू होतो. दिवसभर गावाची छाती धडधडत असल्यासारखी. यमुनेच्या खळ्यावर मात्र भाऱ्यांची उडवी रचून तशीच पडली होती. एकट्या बाईनं कापणं वेगळं, झोडणं वेगळं. आदल्या वर्षी तिचा भाऊ आला होता. या वर्षी तो आजारी होता.

आणि मग कळलं की भाग दाखवणार आहेत. रविवारी दुपारी तो पुन्हा दाखवतात, तेव्हा सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. सरपंचांनी टीव्ही पडवीत आणला. बायका, माणसं, पोरं, म्हातारे, सगळे. यमुना धुतलेलं लुगडं नेसून आली होती. चिमाबाईलाही हाताला धरून आणलं होतं.

सुरुवातीला नुसता कल्ला. "ते बघ आमचा घर!" "ती बघ तुझी म्हैस!" यमुना भारा घेऊन बांधावरून गेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पदरात तोंड लपवून हसत होती.

मग तपास सुरू झाला. इन्स्पेक्टरला कणगीमागं नवऱ्याच्या चपला सापडल्या. स्वच्छ पुसलेल्या. "गायब झालेल्या माणसाच्या चपला कोण लपवून ठेवतं?" तो म्हणाला. मी यमुनेकडे बघितलं. तिचं हसू गेलं होतं.

इन्स्पेक्टर गोठ्यात गेला. बुटाच्या टाचेनं जमीन ठोकून बघितली. "ही जमीन नवी दिसते. कधी केलीत?"

पडवीत कुणी हललं नाही. पडद्यावर माणसं खणायला लागली. मातीतून एक हात दिसला. आणि जिचं बोट यमुनेनं बांधलं होतं ती नटी गुडघ्यांवर बसून ओरडली, "हो! मीच मारलं त्याला!"

मग साबणाची जाहिरात लागली. कुणी टीव्ही बंद केला नाही. एकेक मान वळत गेली आणि सगळे यमुनेकडे बघायला लागले. मुलंसुद्धा. माझ्या वर्गातली मुलं.

यमुना उठली. आवाज नेहमीसारखाच, खालच्या पट्टीतला. "कुदळ हाय का कुणाकडं?"

सरपंच म्हणाले, "यमुने, बस गो. टीव्हीतला हाय तो."

"टीव्हीतला नाय, दादा. दीड वरीस झाला, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत हाय. चला. माझा गोठा खोदा. गुरा मी भायेर बांधते."

ती निघाली. लोक तिच्या मागे गेले, मीही गेले. तिनं खरोखर दोन्ही बैल आणि गाय सोडली आणि जांभळीला बांधली. घरातून कुदळ आणली आणि सरपंचांपुढं धरली. त्यांनी हात मागं घेतले. तिनं दुसऱ्या माणसापुढं धरली, तिसऱ्यापुढं. कुणी घेईना. मग तिनं पदर खोचला आणि स्वतःच घाव घातला. एक, दोन, तीन. सारवलेली माती ढेकळांनी वर यायला लागली. मला वाटलं, पुढं व्हावं आणि तिचा हात धरावा. पण तिचा हात धरण्याचा हक्क मी शाळेत बसून चहाबरोबर घालवला होता.

"थांब गो! यमुने, थांब!"

चिमाबाई होती. माणसांना बाजूला सारत ती गोठ्यात आली आणि उकरलेल्या मातीवरच बसली. कुदळ तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"जिता हाय तो," म्हातारी म्हणाली. "माझा काशा जिता हाय. फोन करतो. सरळगावला, लेकीच्या फोनवर. मी जाते तवा बोलतो माझ्याशी. मला शपथ घातलीन त्यानं, गणूची शपथ, कुनाला सांगू नको म्हनून."

कुणीतरी म्हणालं, "आनी हिला सगळा गाव नवरामारी म्हनत होता, तवा तुझा तोंड कुठं होता?"

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती यमुनेच्या पायांकडे बघून बोलत होती. "तुझ्या तोंडाकडं बघवत नाय त्याला, असा म्हनला. आनी भगताकडं न्या म्हनून मीच बोलली होती. सांगितला असता तर समदाच बोलावा लागला असता, गो. माझ्याच्यानं झाला नाय."

यमुनेनं कुदळ भिंतीला टेकवली. एवढंच विचारलं, "कुठं हाय?"

"खर्डीला."

तीन एसटी आणि एक रिक्षा. दीड वर्षं तो इतक्या जवळ होता.

त्या मालिकेत चाळीस मिनिटांत सगळं कळतं. कुणी केलं, कशानं केलं, कुठं पुरलं. मी ती आवडीनं बघायची, तुम्हीही बघत असाल. तपास म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय आणि त्याला पकडायचं. बियाणं आणायला जातो, एवढं एक सोडलं तर यमुनेच्या घरात कुणीच खोटं बोललं नव्हतं. तिघंही आपापलं बोलणं गिळून एकाच चुलीवरचं जेवत होती. हवालदारानं विचारलं होतं, भांडण झालं होतं का? झालं असतं तर बरं झालं असतं, हे आम्हा कुणाला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. यमुना म्हणाली होती, "तुमी चला, बाई. तक्रार देताना तुमी होता." सरळगावला उतरून किन्हवलीमार्गे शहापूरची गाडी पकडली. बाहेर सगळीकडे झोडणी चालली होती. मध्येच मला राहवलं नाही. मी म्हटलं, "यमुने, त्या समीरला मी सांगितलं होतं. गोठ्याचं. आणि चपलांचं."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "चपला दुसऱ्या कुनी बघितल्याच नव्हत्या. मला कालच समाजला."

"मला माफ कर गं."

"आज नाय, बाई. आज मला एकाच मानसावर रागवायचा हाय. दोघांवर जमनार नाय."

शहापूरहून तिसरी एसटी घेतली, खर्डी स्टेशनला उतरून रिक्षा केली. गावाबाहेर भाताच्या खाचरांमधून एक कच्चा रस्ता जातो, तिथं शहरातल्या कुणाचा तरी बंगला होता. काशिनाथ त्याची राखण करायचा, बाग बघायचा. फाटक उघडंच होतं. तो पाठमोरा उभा राहून झाडांना नळीनं पाणी घालत होता. बारीक झाला होता. वळला तेव्हा भुवईतला व्रण दिसला, तक्रारीत लिहिला होता तोच. त्याच्या हातातून नळी सुटली आणि पाणी वाटेवर पसरायला लागलं.

यमुना त्याच्याकडे गेली नाही. ती भिंतीकडे गेली, नळ बंद केला, आणि मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आयनं सांगितला?" त्यानं विचारलं.

"हां."

"मी... तुला त्रास..." तो म्हणाला.

"कशाला गेलांव?"

तो खाली बघत म्हणाला, "तू काय बोललीच नाय. एक सबूद नाय. रोज भाकर वाढायचीस. मला वाटायचा, आज बोलंल. आज ताट फेकून मारंल. तू आपली मीठ हाय का बरोबर, एवढाच इचारायचीस."

"काय बोलायचा होता मी?"

"तुला म्हायती हाय."

मी फाटकापाशी उभी होते. मग तिचा आवाज आला, आणि तो खालच्या पट्टीतला नव्हता. मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता असा होता.

"गाडी दारात होती! मी दवाखान्यात न्या बोलत होते! तुमचा हात धरला होता मी, तुमी हात झटकलात! माझा पोर... माझ्या पोराला घेऊन तू भगताकडं गेलास! तू गेलास!"

काशिनाथला तिनं "तू" म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हां," तो म्हणाला. "मी नेला. मीच नेला." आणि तो मटकन खाली बसला, ओल्या मातीत.

मग ती रडली. उभ्याउभ्या, दोन्ही हात बाजूला सोडून, तोंड न झाकता. दोन वर्षांचं रडणं कसं असतं ते मी सांगू शकत नाही. बंगल्याच्या पलीकडच्या खाचरात झोडणारी माणसं थांबली आणि आमच्याकडे बघायला लागली, एवढं आठवतं. तोही रडत होता, पण आवाज न करता. ती दमली तेव्हा त्याच्यापासून दोन हातांवर, तीही खाली बसली. ऊन चढत होतं.

शेवटी यमुनेनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "भात खळ्यावर पडलाय. झोडायला मानूस नाय. तुमी येनार असांव तर या."

आणि उठून चालायला लागली. मागं बघितलंही नाही.

तो चौथ्या दिवशी आला, बंगल्यावर दुसरा माणूस लावून. मी वर्गात होते. शेजारून पहिल्यांदा तो आवाज आला. धप्, आणि दाण्यांची सळसळ. मुलं म्हणाली, "बाई, काशिनाथकाका!" मी त्यांना खिडकीत जाऊ दिलं. नंतर आम्ही ठाण्यात जाऊन हरवलेला माणूस मिळाल्याचं लिहून दिलं. या वेळी घरची ती तिघंही माझ्याबरोबर होती. हवालदारानं काशिनाथला विचारलं, घर का सोडलंत? काशिनाथनं यमुनेकडे बघितलं. यमुना म्हणाली, "लिवा, घरातलीच गोष्ट होती." त्यानं तसंच लिहिलं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. पहिली दोन वर्षं तर त्यांच्या घरातून भांडणाचे आवाज यायचे. गणूचं नाव त्यात असायचं. बायका म्हणायच्या, काय ही माणसं, कधी गप्प बसतील? मला मात्र ते आवाज ऐकून बरं वाटायचं. यमुना माझ्याशी तो अख्खा पौष बोलली नाही. डबा मी वर्गातच खायची. मग माघात एका दुपारी ती वालाच्या शेंगांची टोपली घेऊन आली, माझ्यासमोर बसून सोलायला लागली आणि म्हणाली, "बाई, पुढल्या बारीला कुनी इचारला तर आधी मला इचारा." मी म्हटलं, विचारीन. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

म्हणून ही सगळी गोष्ट लिहायच्या आधी, या दिवाळीत, मी तिच्याकडे गेले.

तिचं घर आता पत्र्याचं झालंय, पण ओटी तीच. काशिनाथ शेतात होता. त्याचे केस पांढरे झालेत. अंगणात भात वाळत होतं आणि त्यात पाय बुडवून मी बसले. लिहू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिवा. पन गावाचा नाव नको." मग चहा झाला. आतल्या खोलीतून चिमाबाईच्या खोकल्याचा आवाज येत होता. म्हातारी गेली तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. डोळेही गेलेत. यमुनाच तिचं सगळं करते, उचलणं, भरवणं, धुणं. बाहेर चुलीवर म्हातारीच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. यमुनेनं त्यात हात घालून बघितला आणि पातेलं खाली उतरवलं.

माझ्या मनात एक प्रश्न कित्येक वर्षं होता. काशिनाथचं मला कळलं होतं. पण म्हातारी? दीड वर्षं रोज एकाच घरात राहून, सगळं माहीत असून, हिला पाणवठ्यावरची बोलणी खाऊ देणारी. मी हळूच विचारलं, "यमुने, तू सासूला माफ केलंस का गं?"

तिनं पातेल्याच्या काठाला फडकं गुंडाळलं, उचललं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पहिलीतला एखादा प्रश्न चुकवलाय.

"माफी-बिफी करायला टाइम कुठं हाय, बाई?" ती म्हणाली. "सरका जरा. पानी निवतंय."